मागच्या बाजूचा नट

हिरामावशीनं हात घातला. हे आधी सांगतो, नाखवा, कारण कुठल्याही गोष्टीत पहिलं नाव आपलंच ऐकायची तुला सवय होती आणि आज ती मोडायची आहे. तुझ्या बायकोनं पदर कमरेला खोचला, चाकाच्या वरच्या पोकळीत कोपरापर्यंत हात घातला, म्हणून काल दुपारी तुझ्या गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्याचा तिसरा बोल्ट निघाला. अख्खा निघाला. कापला नाही, तोडला नाही, त्याचं डोकं गोल केलं नाही. आता जिथं कुठं असशील तिथं हातातला चहा खाली ठेव आणि ऐक.

प्रशांत म्हणाला, "गज्या, पप्पांबद्दल चार ओळी लिहून दे. तेराव्याला छापून वाटू. तूच त्यांच्यासोबत जास्त असायचास." तुझ्या मुलाला चार ओळी पाहिजेत. वेसाव्याला तुझ्या गल्लीत फ्लेक्स लागलाय, त्यावर तर दोनच शब्द आहेत. मनमिळाऊ, हसतमुख. फोटो प्रशांतच्या लग्नातला, गॉगल घातलेला. खाली वॉर्डातल्या कुठल्यातरी इच्छुकाचा हात जोडलेला फोटो, तुझ्यापेक्षा मोठा. मी त्या फ्लेक्सखाली उभा राहिलो आणि मला हसू फुटलं. लोकांना वाटलं रडतोय. एका काकांनी पाठीवरून हात फिरवला. हसतमुख! रिक्षावाल्यानं पत्ता विचारला तरी तू त्याला आईबापांनी काय शिकवलं ते विचारायचास.

दहाव्याला सगळे बोलले. देवमाणूस होता. कधी कुणाला दुखावलं नाही. शेजारच्या गाळ्यातला ग्राइंडरवाला पिंटू, ज्याला तू रोज सकाळी "आला बघ लाकूडतोड्या" म्हणायचास, तोसुद्धा डोळे पुसत म्हणाला, "नाखवांनी मला नेहमी मान दिला." मी मान खाली घालून बसलो. लोक खोटं बोलत असताना गप्प कसं बसायचं, हे तू नाही शिकवलंस. ते मी घरूनच शिकून आलो होतो.

तर चार ओळी नाहीत. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला लिहायला बसवलंय, आता वाचा म्हणावं.

सात वर्षांपूर्वी मी किनवटहून आलो तेव्हा तू मरोळच्या गाळ्यात गाडीखाली आडवा होतास. बाहेर फक्त दोन पाय. मी त्या पायांना नमस्कार केला आणि विचारलं, "तुम्हीच नाखवा का?"

पाय म्हणाले, "तुमी कोनाला बोलतंस? हितं सायब नाय कोन."

मग तू सरपटत बाहेर आलास, मला खालून वर बघितलंस. "किती शिकलास?"

"आठवी."

"पास?"

"नाही."

"मंग सातवी बोल ना. नापास झालेली इयत्ता कशाला मोजतंस?"

तिथून माझं नाव किनवट पडलं. गजानन नावाच्या माणसाला मरोळमध्ये आजही कोणी ओळखत नाही. वयानं बापाएवढ्या माणसाला अरे-तुरे करायला माझी जीभ महिनाभर अडखळली. आमच्याकडे कुणी ऐकलं तर कानाखाली बसेल. तुझं म्हणणं सरळ होतं, "देवाला तू बोलतंस ना? मंग मी काय देवापेक्षा मोठा?" मनातून तुला तसं वाटायचं, ते वेगळं.

आणि नाखवा कसला? नाखवा म्हणजे होडीचा मालक. तुझ्याकडे होडी कधी नव्हतीच. तू दुसऱ्यांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचास, मग गाड्यांकडे वळलास, आणि नाव मात्र नाखवा लावून घेतलंस. वेसाव्यात सगळ्यांना हे माहीत होतं, तोंडावर बोलायची कुणाची टाप नव्हती. सात वर्षांत एकानं एकदाच बोलून दाखवलं. त्याच्याकडे येतो.

मी भित्रा माणूस आहे, हे तू पहिल्याच आठवड्यात ओळखलंस. झोपायला मी भाड्याच्या खोलीवर जायचो, तरी माझी कपड्यांची पिशवी गाळ्यातल्या खिळ्याला बांधलेलीच असायची. कपडे काढायचे, घालायचे, धुऊन परत पिशवीत. कधीही जा म्हणतील, तेव्हा उशीर नको. कुठलंही काम झालं की मी तीनदा तपासायचो, खोलीवर जायला निघालो की चौथ्यांदा. तू बघायचास आणि म्हणायचास, "किनवट, पिशवी सोड. तुना हाकलायचं असेल तर मी पिशवीच बाहेर फेकीन. तुना बांधायची मेहनत कशाला?" ह्याला धीर देणं म्हणतात, हे मला दोन वर्षांनी कळलं. तोवर मी रोज तुझं तोंड बघून अंदाज घ्यायचो की आज का उद्या.

तुझा सगळ्यात जास्त राग भोंग्यावर. कंपनी गाडीत हवा गाळायला एक काळा, बंद डबा बसवून देते. दिसायला दरिद्री, पण धूळपाणी इंजिनात जाऊ देत नाही. लोखंडवाला वसाहतीतली पैसेवाली पोरं तो काढून त्या जागी लाल रंगाचा, उघडा, सुळक्यासारखा फिल्टर बसवून घेतात. मग इंजिन घोरल्यासारखं मोठ्यानं हवा ओढतं आणि पोरांना वाटतं गाडी पळायला लागली. तू त्याला भोंगा म्हणायचास. असा एकजण आला की आम्ही हातातली कामं सोडून ऐकायला उभे राहायचो.

"अंकल, स्टॉक बॉक्स काढून हा लावायचाय."

"कशाला?"

"साउंड मस्त येतो. पॉवर पण वाढते ना."

"कोनाची? तुझी का ज्यानं तुना हा विकला त्याची?"

"अंकल, तुम्ही इंटरनेटवर बघा एकदा."

"गाडीनं श्वास घ्यायचा असतो रे, बोंबलायचं नसतं. आवाज पायजे तर गणपतीत गळ्यात ताशा अडकव. बापाची गाडी कशाला खराब करतंस?"

एवढं बोलून तू भोंगा बसवून द्यायचास. आणि काढलेला डबा वर्तमानपत्रात गुंडाळून, वर खडूनं गाडीचा नंबर टाकून, माळ्यावर ठेवायचास. "जुलैत येतो बघ." आणि यायचेच ते. गाडीचा घसा बसलेला, गुरगुरत, खोकत. "अंकल, तो जुना बॉक्स..." "कनचा बॉक्स?" तू आठवत नसल्याचं नाटक करायचास, त्याला अर्धा तास पावसात उभा ठेवायचास, मग मला खूण करायचास की चढ माळ्यावर. मी ते डबे खाली आणताना जी मजा यायची, ती खोटी कशाला सांगू? आठवी नापास माणसाला दुसऱ्या कुणाला तरी तुच्छ समजायची संधी रोज मिळत नाही. तू मला ती दर जुलैत दिलीस. ह्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले.

डबा काढताना बोल्ट अडला की बाकीच्या गाळ्यांत हातोडा, ग्राइंडर आणि शिव्या, ह्याच क्रमानं. तुझ्याकडे फक्त शिव्या, त्यासुद्धा बोल्टला नाही, मला. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत तुझं ते काळं तेल असायचं. त्यात डिझेल होतं, बाकी काय होतं ते तू बरोबर घेऊन गेलास. एक थेंब. मग पान्याच्या मुठीनं बोल्टच्या डोक्यावर हलकेच टकटक. मग चहा. चहा संपेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. मी एकदा कप अर्धा असताना पाना लावला तर तू माझा चहा गटारात ओतलास, दुसरा मागवलास आणि म्हणालास, "पयल्यापासून." मग सोडायच्या आधी आवळायचा. केसभर. त्या उलट्या झटक्यानं गंजाची पकड तुटते. "आपन सोडायला आलोय हे त्याला कळू देऊ नको," असं म्हणायचास, जसं काही आत कुणी बसलंय. आणि निघालेला बोल्ट डबीत टाकायचा नाही. ज्या भोकातून निघाला त्याच भोकात परत दोन आटे फिरवून ठेवायचा. घाईत दुसऱ्याचा बोल्ट ह्याच्या भोकात गेला की आटे मरतात, आणि मग पुढच्या मेस्त्रीच्या शिव्या आपल्याला.

हे सगळं मी शिकलो. एकच वाक्य कळलं नाही. "बोल्ट पुढनं दिसतो, निघतो मागनं." मी 'का' म्हणून आमच्या बोलीत विचारलं होतं, "कामून?" तर तुला माझ्या 'कामून'चं इतकं हसू आलं की उत्तर राहूनच गेलं. दिवसभर गाळ्यात सगळे एकमेकांना कामून कामून करत होते. मी परत विचारलं नाही. मला वाटलं, मोठं दिसायला माणूस काहीही बोलतो.

मग तुझी स्वतःची गाडी. वीस वर्षं वेसाव्याच्या खाडीकाठी उभी राहून खारं वारं खाल्लेली, पांढरी होती असं सांगावं लागेल अशी. तिचा डबा खालून चिरला होता. दुसरा डबा मी कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून शोधून आणला, वापरलेला पण धड. तीन बोल्ट. दोन पहिल्याच चहाला निघाले. तिसरा सगळ्यात खाली, चाकाच्या बाजूच्या पत्र्याला लागून, डोकं गंजानं अर्धं खाल्लेलं. बुधवारपासून तू त्याला तेल पाजत होतास. शनिवारी चौथा दिवस होता. तू मडगार्डवर पोटावर पडला होतास, पाना घसरून तुझी बोटं सोलली होती, आणि मला तुझी कीव आली. कीव आली की माणूस उद्धट होतो, हे मला माहीत नव्हतं.

"नाखवा, पिंटूचा ग्राइंडर आणू? दोन मिनिटांचं काम आहे."

"नाय."

"कामून नाय?"

"तिकडं पत्रा पातळ हाय. बाजूनं ब्रेकचा पाइप गेलाय. लाकूडतोड्याला बोलावतंस हितं?"

"मग काढ की."

"दोन मानसं लागतात त्याला."

"मी आहे ना."

तू माझ्याकडे बघितलंस, माझ्या हातांकडे बघितलंस आणि म्हणालास, "तू नाय."

सात वर्षं, नाखवा. सात वर्षं तुझे ओतलेले चहा परत पहिल्यापासून प्यायलो आणि वर "तू नाय". पिंटू दारात उभा होता. मी म्हणालो, "तुला जमत नाही म्हणून सांग ना सरळ. बिनहोडीचा नाखवा!"

पिंटू हसला. तू उठलास. पाना बॅटरीवर ठेवलास, हात पुसलेस, टिफिनसुद्धा न घेता रिक्षात बसलास. तुझ्या तोंडून शिवी आली नाही तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की लागलंय.

रविवारी मी होतं नव्हतं ते पिशवीत भरलं. सोमवारी तू आला नाहीस. मी दोनदा फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. मंगळवारी सकाळी प्रशांतचं नाव मोबाइलवर दिसलं आणि मी आधी खिळ्याकडे बघितलं. "पप्पा गेले रे," तो म्हणाला, "झोपेतच." आणि खरं सांगतो, हे छापून वाटणार असले तरी सांगतो, एक क्षण मला हायसं वाटलं की मला काढायला फोन केलेला नाही. मग कळलं तो काय म्हणाला ते. तो एक क्षण मी कुठल्या तेलात बुडवून ठेवू, सांग.

प्रशांतला गाडीचं काही पडलेलं नव्हतं. गोरेगावला एसीत बसतो, चाक पंक्चर झालं तर माणूस बोलावतो. म्हणाला, "अर्धा गाळा अडवलाय तिनं. तेराव्याच्या आत चालू झाली तर ठेवू, नाहीतर शनिवारी भंगारवाला येतोय." मी त्याला दोष देत नाही. थोडा देतो. पण त्याला काय माहीत की ती गाडी उचलून नेली असती, तर मी तुला शेवटचं जे बोललो तेच खरं म्हणून राहिलं असतं? तुला जमलं नाही. आणि उलट बोलायला तू नाहीस.

म्हणून सुतकाचे दिवस मी त्या बोल्टशी काढले. तेल, टकटक, चहा. माझ्या एकट्याचा चहा. गुरुवारी धीर सुटला. रॅचेटच्या पान्याला लांब पाइप अडकवला आणि अंगाचा भार टाकला. टक् असा आवाज झाला आणि बोल्ट फिरला! मी ओरडलो. आणि तो फिरतच राहिला. बाहेर येईना, आत जाईना, नुसता गरगर. मागच्या पत्र्याला वेल्डिंगचा डाग देऊन चिकटवलेला नट सुटला होता आणि बोल्टबरोबर फिरत होता. मी केलं ते. खाऱ्या हवेत वीस वर्षं उभ्या गाडीचा डाग किती टिकणार, हे तुझ्याजवळ राहिलेल्या माणसाला कळायला पाहिजे होतं.

पिंटू ग्राइंडर घेऊन आलाच. "किनवट, हट. नाखवा काय बघायला येणार नाही आता."

माझ्या तोंडून आलं, "आला बघ लाकूडतोड्या." तुझ्याच आवाजात. मीच दचकलो. पिंटू शिव्या देत गेला. मी चाक काढलं, आतलं प्लॅस्टिक काढलं आणि मागून हात घातला. मनगटापाशी अडकला. पाना काठीला बांधून घातला, तो खाली पडला. शुक्रवारी दुपारपर्यंत मी हरलो होतो. दुसऱ्या दिवशी भंगारवाला.

तेव्हा हिरामावशी आली. तुझा टिफिन न्यायला. मी तो धुऊन पुसून ठेवला होता. तिनं टिफिनकडे बघितलंच नाही, उघड्या चाकाकडे बघितलं.

"अजून हाच बोल्ट?"

"मावशी, तुला कसं माहीत?"

"मना नाय म्हाईत तर कोनाला? लग्न झाल्यापासून मागनं नट मीच धरते त्याचे."

मला आधी समजलंच नाही. मग तिनं उभ्या उभ्या सांगितलं, जसं मासळीबाजारात पाटीवर बसून पापलेटचा भाव सांगते तसं. होडीच्या इंजिनाखाली तुझा हात जायचा नाही, वल्ह्यासारखा रुंद. मग तिला खाली झोपवायचास, ती बोटांनी नट शोधून धरायची आणि तू वरून पाना फिरवायचास. गाड्यांचं पण तेच. रविवारचा बाजार उठला की दुपारी दोघं गुपचूप गाळ्यावर. "कोनी बघू नये बोलायचा. मेस्त्रीची बायको नट धरते बोलले तर गिऱ्हाईक हसतील."

रविवारी! नाखवा, सात वर्षं आम्ही सोमवारी सकाळी येऊन बघायचो की शनिवारचा अडलेला बोल्ट निघालाय. आणि तू कानावर बिडी अडकवून म्हणायचास, "काल जरा हात लावला." आम्हाला वाटायचं, काय हात आहे! पिंटू तर म्हणायचा मंत्र मारतो. खोटारड्या. लोखंडवालाच्या पोरांना सोंगाडे म्हणायचास आणि तुझं सोंग घरी मासे साफ करत होतं. आणि ते "तू नाय"? माझा हात जाडा आहे, एवढंच होतं ना? तुझ्यासारखाच जाडा. चार शब्द जास्त बोलला असतास तर मी ते बोललो नसतो.

मावशी म्हणाली, "त्या शनिवारी घरी आला. बोलला, उद्या चल. मी बोलले, बुधवारचा बाजार करते आन गुरुवारी येते, गुडघा दुखतो." मग चाकाकडे बघून म्हणाली, "खोटं बोलले रे. गुडघा बरा होता. म्हटलं, भांडून आलाय कोनाशी तरी, जरा कुढू दे चार दिवस."

"मावशी, त्यानं सांगितलं तुला, मी काय बोललो ते?"

"सांगितलं ना. बिनहोडीचा नाखवा."

"मग? काय म्हणाला?"

"बोलला, पोरगा खरं बोलला. पन पिंटूसमोर बोलला." मग पदर खोचता खोचता म्हणाली, "आन बोलला, तरी पन त्यानं ग्राइंडर नाय आनला."

मी पाने पुढे केले. दहाचा छोटा पाना तिच्या तळहातात मावला. चाकाशेजारी गोणपाटावर बसली, हात आत गेला, आणि तिचे डोळे मिटले. आत काय दिसणार होतं?

"थांब... हां. धरला. फिरव. हळू रे, बैला!"

मी फिरवला. पाव फेरा, परत पाव. एकदा माझा पाना निसटला आणि तिचा हात पत्र्यावर आपटला. बाहेर काढला तर मधल्या बोटाचं साल निघालेलं, रक्त.

"मावशी, राहू दे."

"राहू दे काय? पुसायला दे कायतरी. फिरव. एकदा घरी गेले तर परत नाय यायची मी."

तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला बोल्ट हाताला लागला. मी तो बोटांनी काढला. वाकडा नाही, तुटका नाही, आट्यांत तांबडी पावडर. सवयीनं मी तो परत भोकात ठेवायला गेलो, तर मागं नटच नव्हता, तो तिच्या मुठीत होता. तिनं मूठ उघडून दाखवली. तेल, गंज आणि रक्त, आणि मधे तो एवढासा नट. मला वाटलं आता रडेल. म्हणाली, "रडायला घरी पाव्हणे हायत. नवीन नट आन, बसवून टाकू."

बसवला. तिनं मागून धरला, मी पुढून आवळला. कुर्ल्याचा डबा घट्ट बसला, हलत नव्हता, मी तीनदा बघितलं. चौथ्यांदा बघायला गेलो तर मावशीनं माझ्या हातावर चापट मारली. गाडी तिसऱ्या चावीला चालू झाली. आवाज नाही, बोंब नाही. तुला आवडलं असतं आणि तू त्यातही काहीतरी खोट काढली असतीस.

मावशी पुढच्या सीटवर येऊन बसली. दार उघडंच. मागच्या डिकीकडे मान वळवून म्हणाली, "ह्या गाडीत त्यानं माझी पाटी कधी ठेवू दिली नाय. बोलायचा, वास इंजिनात जातो."

नाखवा, मी एअर फिल्टरचा माणूस आहे. तूच केलंस. हवा पुढच्या जाळीतून येते, माशाची पाटी मागच्या डिकीत. वास इंजिनात जातो हे तू एखाद्या लोखंडवालाच्या पोराकडून ऐकलं असतंस तर त्याला गाळ्यातून हाकललं असतंस. सरळ सांगायचं होतं की गिऱ्हाइकाला गाडीला मासळीचा वास यायला नको होता. वेसाव्याचा कोळी, आणि लाज कुणापुढे, तर भोंगेवाल्यांपुढे! वीस वर्षं ती बाई पाटी घेऊन रिक्षावाल्यांच्या विनवण्या करत उभी राहिली आणि तिनं सोडवलेल्या बोल्टांच्या गाडीत तू एकटा बसून मरोळला आलास. दहाव्याला हे कुणी बोललं नाही.

मी बोललो ते अर्धं मागे घेतो. बिनहोडीचा म्हणालो, ते पिंटूसमोर म्हणायला नको होतं. जमत नाही म्हणालो, ते मागे घेत नाही. एकट्याला तुला जमत नव्हतंच. कुणालाच जमलं नसतं, आणि तेवढं एक तू शिकवलं असतंस तर बाकी सगळं शिकवल्यासारखं झालं असतं. तरी जे दिलंस ते कमी नाही. नापास झालेल्या इयत्तेला हसून तू मला कामावर ठेवलंस आणि परत कधी इयत्ता विचारली नाहीस. घरी आई फोनवर विचारते, मुंबईत कोण आहे तुझं, तर मी सात वर्षं एकच नाव सांगत आलो. आता काय सांगू, ते तू जाताना सांगितलं नाहीस. रविवारी भरलेली पिशवी काल सोडली. कपडे तुझ्या बाकाच्या खणात ठेवलेत. तुला चालणार नाही, माहीत आहे.

आज सकाळी भंगारवाला टेम्पो घेऊन आला होता. मी नुसती चावी फिरवली. तो ऐकत उभा राहिला आणि गेला. प्रशांत म्हणाला, "ठीक आहे, ठेव." बस, एवढंच. मुलगा तुझाच, कौतुक जिभेवर येतच नाही.

आता राहिलं हिरामावशीचं. तिच्या बोटाचं साल माझ्यामुळे गेलंय आणि तिनं ते एकदाही दाखवलं नाही. मला गाळ्याच्या गल्लीत गाडी मागेपुढे करता येते, पण लायसन नाही. तू सात वर्षं मागे लागलास, मी टाळलं. परीक्षा म्हटलं की समोर परत ती आठवी उभी राहते. पण देईन. नापास झालो तर परत देईन. आणि ज्या दिवशी लायसन मिळेल, त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी तुझी गाडी घेऊन वेसाव्याच्या बंदरावर जाईन. पुढच्या सीटवर मावशी, डिकीत तिची पाटी, सुरमई, बोंबील, जे निघेल ते, सगळे सिग्नल पाळत थेट तिच्या बाजारापर्यंत. लोखंडवालाच्या रस्त्यानं जाईन, मुद्दाम. काचा खाली ठेवीन. तू वरून नाक मुरड, शिव्या घाल. पाटीवर फडका टाकणार नाही.